जादा साठा

"आणि यातलं वाया किती जातं?"

पाहुण्यांनी विचारलं ते त्यांच्या भाषेत. सोबतच्या दुभाष्या बाईंनी ते आपल्या भाषेत करून सांगितलं. गोदाममास्तर उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच मागे उभे असलेले खात्याचे साहेब खोकले. तो खोकला सर्दीचा नव्हता. एकतीस वर्षं नोकरी केल्यावर साहेबलोकांचे खोकले माणसाला आपोआप कळायला लागतात.

पण मास्तर त्या दिवशी जरा हवेत होते. सकाळपासून ते पाहुण्यांना गोदाम दाखवत होते. मक्याच्या बावीस थप्प्या, एकेका थप्पीत पाचशे पोती, प्रत्येक थप्पीखाली लाकडी फळ्या, म्हणजे जमिनीची ओल लागायला नको. थप्पीपासून भिंतीपर्यंत एक माणूस आडवा चालू शकेल एवढी मोकळी जागा, म्हणजे उंदराला लपायला नको. पोत्यात पोकळ सळई खुपसून त्यांनी चार दाणे काढले, एक स्वतः दाताखाली धरला आणि कट्कन फोडून दाखवला. "असा आवाज आला की समजायचं, दाणा कोरडा आहे. दबला तर ओला. यंत्र आहे आमच्याकडे, पण माझा दात त्याच्या आधीपासून आहे."

दुभाष्या बाईंनी ते सांगितलं तेव्हा पाहुणे मनापासून हसले. उंच, वाकून चालणारा, मऊ आवाजाचा माणूस. त्यानंही एक दाणा दाताखाली धरून पाहिला. राजधानीतून आलेल्या कुठल्याही अधिकाऱ्यानं आजवर एवढं केलं नव्हतं.

"शंभरात तीन पोती," मास्तर म्हणाले. "कधी चार. खोटं कशाला बोलू?"

आणि एवढ्यावर न थांबता ते पाहुण्यांना मागच्या कोपऱ्यात घेऊन गेले. तिथं छपराचा पत्रा उचकटून पाणी आलं होतं, आणि भिजलेली पोती वेगळी काढून ठेवली होती. काळी पडलेली, फुटलेली, वर बुरशीची राखाडी साय. पत्र्यासाठी चार वर्षांत सहा अर्ज केलेत, हेही मास्तरांनी सांगितलं. पाहुण्यांनी मान हलवली, खिशातून कॅमेरा काढला आणि मास्तरांना त्या पोत्यांशेजारी उभं केलं. मास्तरांनी शर्टाची वरची गुंडी लावली.

निघताना पाहुण्यांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. बाई म्हणाल्या, "ते म्हणतायत, चार दिवस फिरतोय, खरं बोलणारे तुम्ही पहिलेच भेटलात."

हे वाक्य मास्तरांनी घरी जाऊन बायकोला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा ती तवा घासत होती.

"खरं बोललात, चांगलं केलंत," ती म्हणाली. "पण त्या तीन पोत्यांचा फोटो काढला. उरलेल्या सत्त्याण्णवांचा काढला का?"

"अगं, चांगल्या पोत्याचा फोटो कोण काढतो?"

"तेच म्हणते मी," ती म्हणाली, आणि तवा पालथा घातला.

*

तीन महिन्यांनी साहेब स्वतः आले. एरवी ते कागद पाठवायचे. आले, खुर्चीवर बसले, आणि पाणी दिलं तर ते न पिता नुसते पेल्याकडे बघत राहिले.

"मास्तर, साठा विकायचाय."

"किती?"

"सगळा."

मास्तरांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. हा राखीव साठा होता. पीक बुडालं तर अख्ख्या जिल्ह्यानं चार महिने खायचं, यासाठी ठेवलेला. दर वर्षी जुना काढून नवा भरायचा. पण रिकामं गोदाम मास्तरांनी एकदाही पाहिलं नव्हतं.

साहेबांनी पिशवीतून जाडजूड अहवाल काढला आणि मध्येच एक पान उघडून समोर धरलं. पानावर मास्तर होते. गळ्यापर्यंत गुंडी लावलेले, सडक्या पोत्यांशेजारी ताठ उभे. फोटोखाली परक्या भाषेत दोन ओळी.

"काय लिहिलंय?"

"लिहिलंय, की सरकारी गोदामांत धान्य कुजतं, हे गोदामपाल स्वतःच सांगतात."

हात दाखवून अवलक्षण, ते हेच. मास्तरांचे कान तापले. ते म्हणाले, "पण मी तर शंभरात तीन म्हणालो होतो."

"तेही लिहिलंय. पुढच्या पानावर, बारीक अक्षरांत." साहेबांनी अहवाल मिटला. "बघा, सरळ सांगतो. आपला देश कर्जात आहे. मी नोकरीला लागायच्या आधीपासून आहे. कोणी काढलं, कशाला काढलं, आता विचारून उपयोग नाही. त्यातलं अर्धं अधिक कोणाच्या घशात गेलं, ते सगळ्यांना माहीत आहे, आणि ज्यांच्या घशात गेलं ते आता इथं राहतही नाहीत. हप्ता मात्र आपल्याकडेच येतो. हप्ता भरायला नवं कर्ज लागतं. नवं कर्ज मिळायला हा अहवाल लिहिणाऱ्यांची सही लागते. सही झाली नाही, तर तेल येत नाही, औषधं येत नाहीत, बाकीचेही कोणी दारात उभं करत नाहीत. आणि सही करायच्या आधी हे लोक अटी घालतात. या वेळची अट ही. पडून राहिलेलं धान्य म्हणजे पडून राहिलेला पैसा. जहाजात भरा, बाहेर विका, जे परकी चलन येईल त्यातून हप्ता भरा."

"आणि दुष्काळ पडला तर?"

"तर बाजारातून विकत घ्या, म्हणतात."

"आणि बाजारात नसलं तर?"

साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ते वाक्य त्यांच्या कागदात नाही."

मग साहेबांनी एक वेगळा कागद पुढं सरकवला. त्यावर एवढंच होतं, की सदर गोदामातील साठा तपासला असून तो जिल्ह्याच्या गरजेपेक्षा जादा आहे. खाली गोदामपालाच्या सहीची जागा.

"हे खोटं आहे, साहेब."

"माहीत आहे."

"जादा नाही हा. उलट हजार पोती कमीच आहेत."

"मास्तर, मला माहीत आहे!" साहेबांचा आवाज चढला आणि लगेच बसला. "वर मंत्र्यांनाही माहीत आहे. आपलेच दात, आपलेच ओठ. मी कोणाला सांगू? तुम्ही सही केली नाहीत, तर मला तुमची बदली करावी लागेल आणि तुमच्या जागी जो येईल, तो करेल. धान्य जायचं ते जाणारच. तुमचे चौदा महिने राहिलेत. पेन्शनचे कागद माझ्याकडूनच जातात, हे मी बोलून दाखवायला नको."

बोलून दाखवलंच होतं. साहेबांची नजर खाली होती. मास्तरांची पण. एकमेकांकडे न बघता दोघं त्या कागदाकडे बघत होते.

मास्तरांनी सही केली.

नंतर कित्येकदा त्यांनी मनाशी हिशेब लावला, की आपण ती का केली. पेन्शनसाठी? ते तर होतंच. बदलीची भीती? तीही होती. पण त्याहून खाली, जिथं माणूस स्वतःलाही सहसा नेत नाही, तिथं आणखी एक गोष्ट होती. आपण लहान माणूस. ते एवढे शिकलेले, विमानातून आलेले, आपला हात दोन हातांत धरणारे. कदाचित त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळत असेल, असं त्या क्षणी त्यांना वाटून गेलं. त्याचीच त्यांना पुढं सगळ्यात जास्त लाज वाटली.

*

माल अकरा दिवस निघत होता. हमालांच्या टोळीचा मुकादम पन्नाशीचा, बोलण्यात तिखट. मास्तरांबरोबर त्याची वीस वर्षं गेली होती. ट्रकवर पोतं टाकून तो घाम पुसत उभा राहिला.

"मास्तर, गावात म्हणतात, देशाचा सावकार आलाय. देशालाही सावकार असतो?"

"असतो म्हणे."

"मग तो व्याजात काय नेतो? आमच्याकडचा तर भांडी न्यायचा." त्यानं ट्रककडे बघितलं आणि स्वतःच उत्तर दिलं. "हां. हे नेतो."

बाकीचे हमाल हसले. मास्तरांना हसू आलं नाही. मुकादमानं मग आवाज खाली आणून विचारलं, "यंदा पीक गेलं तर?"

"सरकार बघेल ना."

"सरकार म्हणजे कोण? आमच्या बघण्यातलं सरकार म्हणजे तुम्हीच."

सोळाव्या थप्पीपाशी मास्तरांच्या मनात एक विचार आला. साठ्याच्या वहीत शंभरात तीनच्या जागी तीस लिहिलं तर? सडलेलं म्हणून दाखवायचं आणि मागं ठेवायचं. कोण मोजायला येणार आहे? त्यांनी पेन उचललाही. पण एकतीस वर्षांत त्या वहीत एक खोटा आकडा गेला नव्हता, आणि हात काही वळेना. गंमत अशी की, खोट्या सहीला जो हात अडला नाही, तो भल्या कामासाठीच्या खोट्याला मात्र अडला. त्यांनी तीन लिहिलं. बाकीचं गेलं.

पलीकडच्या जिल्ह्यातल्या गोदामवाल्याला सगळं खातं 'घूस' म्हणायचं. पोतीच्या पोती पोखरण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. तीनदा चौकशी झाली, तीनदा सुटला. बैठकीला त्याच्या शेजारची खुर्ची मास्तर कधी घेत नसत. त्या वर्षी घुशीनं आपल्या वहीत हजारभर पोती कुजलेली दाखवली, आणि खातं मनातल्या मनात हसलं. घुशीला ऐती पर्वणी!

*

पुढच्या वर्षी पीक करपलं. दुसरी पेरणी केली, तीही गेली. बाजारात मक्याचा भाव आधी दुप्पट झाला, मग चौपट, आणि मग भाव विचारायलाच काही उरलं नाही.

सरकारनं बाहेरून धान्य विकत घ्यायचं ठरवलं. त्यासाठी नवं कर्ज हवं होतं. मास्तरांनी फोन केला तेव्हा साहेब म्हणाले, "जहाज बंदराबाहेर उभं आहे, मास्तर. पण कर्जाची सही झाल्याशिवाय माल उतरणार नाही. या वेळी ते नळ मागतायत."

"नळ?"

"पाणीपुरवठा. तो विकायला काढा, मग सही. बोलणी चालू आहेत."

मुकादमाला हे कळलं तेव्हा त्यानं बोटांवर मोजायचा प्रयत्न केला. "थांबा. म्हणजे आपलं धान्य आपण स्वस्तात विकलं, त्यांचा हप्ता भरायला. आता तसंच धान्य चौपट भावानं घ्यायचं, त्यांच्याकडनंच उसने पैसे घेऊन. आणि वर पाणीही त्यांचंच." बोटं संपली. "माझा बाप अंगठा लावायचा मास्तर, पण एवढा अडाणी नव्हता."

त्याच आठवड्यात वरून आदेश आला. गोदामं रिकामी आहेत ही माहिती बाहेर जाऊ द्यायची नाही. लोक बिथरतील, दंगल होईल. फाटकावर पहारा ठेवावा. कुलूप जागच्या जागी असावं. 'किडीसाठी धुरी चालू आहे, प्रवेश बंद' अशी पाटी लावावी. पाटी मास्तरांनी स्वतः रंगवली. पहाऱ्याला मुकादमालाच बसवलं, कारण उचलायला पोतं नव्हतं आणि त्याच्या घरची चूल तर पेटायला हवी होती.

रोज सकाळी मास्तर कामावर जात, रिकाम्या गोदामाच्या बाजूच्या खोलीत बसत, आणि संध्याकाळी कुलूप ओढून बघून घरी येत. तीन दिवसांनी बायकोनं जेवताना विचारलं, "अहो, आत आहे ना?"

माल ट्रकमधून गेलेला सगळ्या गल्लीनं पाहिला होता. पण नंतर काही ट्रक परतही आले होते, रिकाम्या बारदानाचे. लोकांनी आपल्याला हवं ते समजून घेतलं होतं. बायकोनंही.

"आहे," मास्तर म्हणाले.

ती निवांत झाली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झालेला त्यांनी पाहिला आणि हातातला घास तसाच ताटात ठेवला. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती. या माणसाला खोटं बोलता येत नाही, ही तिची नेहमीची तक्रार होती.

मग आतल्या गावांतून माणसं यायला लागली. आधी दहा-वीस, मग शंभर, मग फाटकापासून थेट ओढ्यापर्यंत रांग. सोबत घड्या घातलेली पोती. भांडण नाही, आरडाओरडा नाही. उपाशी माणूस ओरडतो, ही पोट भरलेल्यांची समजूत आहे. तो ताकद राखून बसतो.

त्यांतच बायकोची मावशी आली, गावच्या चाळीसेक माणसांबरोबर. आईविना पोरीला, म्हणजे मास्तरांच्या बायकोला, तिनंच वाढवलेलं. बायको धावत फाटकाशी गेली, मागून मास्तर. "मावशी, घरी चल. इथं कशाला बसतेस?"

"गाव बाहेर, आणि मी आत कशी येऊ?" मावशी म्हणाली. "मी त्यांना घेऊन आले. म्हटलं, जावई कोठारावर आहे, चला." आणि मास्तरांकडे वळून, "आहे ना रे बाबा आत?"

आजूबाजूची तोंडं वळली. शंभर डोळे. मुकादमानं मान फिरवून रस्त्याकडे बघितलं. त्याला माहीत होतं; पोती त्याच्याच पाठीवरून गेली होती.

"आहे, मावशी. वरून हुकूम यायचाय."

"मग थांबतो आम्ही." ती रांगेतल्या लोकांना म्हणाली, "बसा रे. हा माणूस खोटं बोलत नाही."

तिच्या त्या एका शब्दावर लोक बसले. घरून रोज डबा जाई. मावशी तो मुलांमध्ये वाटून टाकी आणि रिकामा डबा धुऊन परत पाठवी. मास्तर मागच्या दारानं कचेरीत शिरायला लागले. फाटकातून जायचं म्हणजे लोक उठून वाट देत, कोणी हात जोडी. एकदा एक बाई आपल्या पोराला म्हणाली, "ते बघ मास्तर, त्यांच्याकडे किल्ली आहे." मास्तरांनी खिशातली किल्ली मुठीत अशी आवळली, की तळहातावर तिचा ठसा उठला.

*

मावशी आल्याच्या नवव्या दिवशी दुपारी कचेरीतला फोन वाजला. मास्तरांना वाटलं, साहेब. पण आवाज घोगरा होता, ओळखीचा, आणि नकोसा.

"मास्तर, मी बोलतोय. घूस."

स्वतःला घूस म्हणताना तो हसला.

"तुमच्याकडं किती शिल्लक आहे?"

"काही नाही."

"मला वाटलंच. तुम्ही पडलात सरळ माणूस. माझ्याकडं नऊशे पोती होती. वाटायला काढलीत."

"वाटायला? तू?"

"मी काही संत नाही, मास्तर. विकायलाच ठेवली होती. भाव आणखी चढायची वाट बघत होतो. पण दारात माणसं मरायला लागली, तर भाव सांगू कोणाला? अजून सहाशे आहेत. तीन आठवडे पुरतील. रेल्वेचा फिरता दवाखानाही आलाय. तुमच्याकडची माणसं का येत नाहीत? चार दिवसांची चाल आहे. मोठ्या चौकात मिठाचे ट्रक मिळतात, ते फुकट बसवून आणतात. आमच्याकडं म्हणतात, त्या जिल्ह्यात भरपूर आहे, लोक तिथं रांगेत बसलेत."

मास्तरांनी फोन ठेवला. खिडकीतून रांग दिसत होती. तिथली माणसं चार दिवसांची चाल चालली नव्हती, कारण त्यांना सांगितलं होतं, आत आहे. स्वतःच्या हिशेबात मास्तर आतापर्यंत फक्त एक सही करणारे होते. सही कोणीही केली असती. पण 'आहे' हा शब्द दुसऱ्या कोणी उच्चारला नव्हता.

ते बाहेर आले तेव्हा ओढ्याच्या बाजूला थोडी हालचाल होती. एक म्हातारा सकाळपासून बसला होता, तो बसल्या बसल्या कलंडला होता. त्याच्या सुनेनं त्याच्या तोंडावर आपलं मोकळं पोतं घातलं. कोणी रडलं नाही. रांगेतली मागची माणसं सरकून पुढं आली नाहीत, त्याची जागा तशीच ठेवली.

मास्तर मुकादमाला म्हणाले, "फाटक उघड."

"हुकूम आला?"

"नाही."

मुकादमानं त्यांच्याकडे नीट बघितलं. "पेन्शन जाईल, मास्तर."

"उघड."

फाटक उघडलं. मास्तर गोदामाच्या दारापाशी गेले. किल्ली आधी लागेना, मग लागली. दोन्ही दारं त्यांनी भिंतीपर्यंत ढकलली. ऊन आतल्या फरशीवर लांबवर पसरलं. नुसती फरशी. फळ्या रचून ठेवलेल्या, आणि जमिनीवर खडूनं लिहिलेले थप्प्यांचे आकडे, एकपासून बावीसपर्यंत.

लोक आत आले आणि थांबले. मास्तर दाराशी उभे होते. कोणी अंगावर येईल, मारेल, म्हणून त्यांनी शरीर घट्ट केलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं. कोणी हात उचलला नाही. एक माणूस बाविसाव्या आकड्यापर्यंत चालत गेला, भिंतीला हात लावला, आणि परत आला.

मास्तर बोलले. शब्द सरळ आले. "धान्य गेल्या वर्षीच गेलं. परदेशी. माझी सही आहे त्यावर. जादा आहे, असं मी लिहून दिलं. तुम्हाला आहे म्हणालो, तेही खोटं. पलीकडच्या जिल्ह्यातला गोदामवाला धान्य वाटतोय. मोठ्या चौकात ट्रक मिळतील. आत्ता निघा."

दारात बायको उभी होती. हातात मावशीचा डबा. ती त्यांच्याकडे बघत नव्हती, आकड्यांकडे बघत होती.

"आधी सांगायचं होतंत," कोणीतरी बाई म्हणाली. रागानं नाही, एखाद्यानं चुकीची वाट दाखवल्यावर म्हणतात, तसं. "आठ दिवसांपूर्वी आम्हाला चालता येत होतं."

एवढंच. मग ते घड्या घातलेली पोती उचलून निघाले.

मावशीला उभं राहता येईना. मुकादमानं पोती वाहायची हातगाडी आणली, बायकोनं आपला पदर सावरून मावशीला गाडीत टेकवलं. "मी ओढतो," मुकादम म्हणाला. मास्तरांनी मान हलवली आणि स्वतः दांडी धरली. कचेरीत फोन वाजत होता. वाजत राहिला.

चौक तीन किलोमीटर. मास्तरांनी आयुष्यभर पोती तोलली होती. हाताला वजन कळायचंच. नको नको म्हणतानाही हातांनी सांगितलं, की मावशी अर्ध्या पोत्याहून हलकी आहे. ते खाली मान घालून ओढत राहिले. बायको बाजूनं चालत होती, गाडीला एक हात लावून. ती वाटेत एकच वाक्य बोलली.

"मला तरी सांगायचं होतं."



चौकात मिठाचा ट्रक उभा होता. लोक चढत होते, वरचे खालच्यांना हात देत होते. बायको आधी चढली. ती मावशीबरोबर जाणार होती, हे तिनं विचारलं नाही, सांगितलंही नाही. मास्तरांनी मावशीला उचलून वर दिलं. मिठाच्या पोत्यांना टेकून ती बसली, श्वास सावरला, आणि मग वाकून त्यांच्याकडे बघितलं. त्यांना वाटलं, आता ती शिवी देईल, किंवा क्षमा करेल. दोन्हीची त्यांना सारखीच भीती वाटली.

"बाबा," ती म्हणाली, "तिथला तो माणूस खरं बोलतो का रे?"

ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. मास्तरांना मोठ्यानं बोलावं लागलं, आणि ट्रकमधल्या सगळ्यांनी ते ऐकलं.

"नाही मावशी. पण त्याच्याकडे धान्य आहे."

तिनं मान डोलावली, आणि मागून चढणाऱ्याला जागा व्हावी म्हणून पाय जवळ ओढून घेतले.